सुभाष मुखर्जी : परीक्षकांना न उमगलेले संशोधन

कलकत्त्याचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ डॉ. सुभाष मुखर्जी यांनी १९ जून १९८१ रोजी आपली जीवनयात्रा स्वतःच संपविली, तेव्हा त्यांचे वय अवघे ५० वर्षांचे होते. त्यांच्या प्रयत्नाने भारतातील पहिली परीक्षानळी-बालिका ३ ऑक्टोबर १९७८ रोजी जन्मली होती. इंग्लंडमधील जगातल्या पहिल्या अशा बालिकेनंतर केवळ ७० दिवसांनी.

१९३१ साली हजारीबाग येथे जन्मलेल्या मुखर्जींनी कलकत्ता व एडिंबरा या दोन्ही विद्यापीठांची डॉक्टरेट मिळविली होती. त्यांच्यापुढील प्रश्न दुहेरी होता. संप्रेरके टोचून एकाच वेळी अनेक स्त्रीबीजे पक्व करता येतात. परंतु त्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराचा क्रम बिघडतो आणि चांगला भ्रूणही तेथे रुजणे अवघड होते. इंग्लंडमधील संशोधकांनी म्हणूनच नैसर्गिक ऋतुचक्रातील एकाच बीजावर भिस्त ठेवली. मुखर्जींनी संप्रेरके सोडली नाहीत. त्यांनी बीज आणि भूमी यांचा काळच वेगळा केला. योनिमार्गाने मिळविलेली बीजे फलित करून भ्रूण गोठविले आणि पुढील एका नैसर्गिक चक्रात, अस्तर सिद्ध झाल्यावर, गर्भाशयात सोडले.

या कार्याची परीक्षा करण्यासाठी राज्य सरकारने नेमलेल्या समितीत या विषयाचा प्रत्यक्ष अनुभव असलेला कोणीही नव्हता. तिने त्यांचा दावा अमान्य केला. १९७९ मध्ये जपानमधील निमंत्रण स्वीकारण्यास त्यांना अनुमती मिळाली नाही, आणि जून १९८१ मध्ये त्यांची बदली झाली ती नेत्रविज्ञानाच्या संस्थेत!

शंका घेणे हा विज्ञानाचा धर्मच होय. मात्र शंकेचे निरसन प्रयोगाच्या पुनरावृत्तीने होते. संशोधकाची साधने हिरावून नव्हे.

पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी हर्षा जन्मली व देशातील पहिली ठरली. तो मान आपला नव्हे, हे सांगण्याचे औदार्य स्वतः आनंदकुमारांनीच दाखविले. मुखर्जींची टिपणे अभ्यासून १९९७ साली त्यांनी अग्रमान मुखर्जींना दिला.

भ्रूण गोठवून योग्य वेळी गर्भाशयात सोडण्याची रीत आज जगभर रूढ आहे. चांगल्या बीजालाही सिद्ध भूमी लागते, हे मुखर्जींनी ओळखले होते. ज्ञानाच्या बाबतीत ती भूमी तयार ठेवण्याचे दायित्व मात्र समाजाचे व शासनाचे असते.