विश्लेषण : राज्य कुणाचे, राष्ट्र कुणाचे? वेंगुर्ल्याच्या बॅ. नाथ पैंच्या आयुष्यातून समजून घ्या सार्वभौमत्वाचा अर्थ

वेंगुर्ल्याहून रेडीमार्गे तेरेखोलच्या किल्ल्याकडे निघालात, तर महाराष्ट्र कुठे संपला आणि गोवा कुठे सुरू झाला हे मोबाइलच्या नकाशावर पाहूनच कळते. माडबागा त्याच, लाल माती तीच, बोलीही जवळपास तीच. बदल दिसतो तो तपासणी नाक्यावर आणि दारूच्या दरात. पण १९६१ पर्यंत ही रेषा दोन राज्यांमधली नव्हती. ती भारत आणि पोर्तुगाल या दोन देशांमधली आंतरराष्ट्रीय सीमा होती.

याच वेंगुर्ल्यात २५ सप्टेंबर १९२२ रोजी पंढरीनाथ बापू पै यांचा जन्म झाला. पुढे ते बॅरिस्टर नाथ पै म्हणून देशाला माहीत झाले. कोकणात त्यांची आठवण निघते ती वक्तृत्वासाठी. त्यांच्या सभेला माणसे मैलोन् मैल चालत येत, हे जुनी मंडळी आजही सांगतात. पण त्यांच्या ४८ वर्षांच्या आयुष्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आलेला दिसतो. एखाद्या भूमीवर अंतिम अधिकार कुणाचा? तिथे सैन्य ठेवणाऱ्याचा, कागदावर नाव असणाऱ्याचा, की तिथे राहणाऱ्या माणसांचा?

एका गावाभोवती तीन सत्ता

नाथ पै जन्मले तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता (तो झाला १ मे १९८१ रोजी). वेंगुर्ले होते ब्रिटिशांच्या रत्नागिरी जिल्ह्यात. शेजारचे सावंतवाडी हे संस्थान, तिथे भोसले राजघराण्याचा कारभार, पण ब्रिटिशांचे वर्चस्व मान्य करून. आणि दक्षिणेला तेरेखोलपासून पोर्तुगीज हद्द. म्हणजे जेमतेम एका दिवसाच्या चालीत तीन वेगवेगळ्या सत्ता.

लोक मात्र एकमेकांत गुंतलेले. वेंगुर्ल्यातल्या अनेक सारस्वत घरांचे कुलदैवत गोव्यात, सोयरीक सावंतवाडीत आणि नोकरी मुंबईला. राज्यशास्त्राच्या पुस्तकात ‘राज्य’ आणि ‘राष्ट्र’ हे दोन वेगळे शब्द का आहेत, ते इथे न शिकवता समजते. राज्य म्हणजे सत्तेची रचना : हद्द, सरकार, पोलीस, कर. राष्ट्र म्हणजे आपण एक आहोत अशी माणसांची भावना, मग ती भाषेतून आलेली असो, इतिहासातून असो वा एकत्र सोसलेल्या गोष्टींतून. दोन्ही एकाच रेषेत बसतील याची काही हमी नसते.

वेंगुर्ल्याने तर राष्ट्राशिवायची सत्ताही पाहिली होती. सतराव्या शतकात इथे डचांची वखार होती, तिचे अवशेष आजही उभे आहेत. ती डच ईस्ट इंडिया कंपनी म्हणजे कागदोपत्री व्यापारी कंपनी. पण १६०२ च्या सनदेने तिला किल्ले बांधण्याचा, तह करण्याचा, युद्ध करण्याचा अधिकार मिळालेला होता. पोर्तुगीजांच्या गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना रसद जायची ती याच बंदरातून. नंतर हे बंदर सावंतवाडीकरांकडून १८१२ मध्ये इंग्रजांकडे गेले. वेंगुर्लेकरांना कुणी विचारले नाही, हे सांगायला नकोच.

बेळगाव, लंडन, व्हिएन्ना

वडील लवकर गेले. शिक्षण बेळगाव आणि पुण्यात झाले. १९४२ च्या चळवळीत उडी, त्यातून तुरुंगवास. स्वातंत्र्यानंतर ते लंडनला गेले आणि बॅरिस्टर झाले. या काळातली त्यांची एक ओळख आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. समाजवादी तरुणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे ते अध्यक्ष होते. युरोपीय पक्षांचे वजन असलेल्या संघटनेच्या अध्यक्षपदी कोकणातला तरुण. आणि तेही आशिया-आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होऊ पाहत असताना.

त्यांच्या पत्नी क्रिस्टल व्हिएन्नाच्या. त्या काळचा ऑस्ट्रिया म्हणजे आपल्या विषयाचे चालतेबोलते उदाहरण. तिथे निवडून आलेले सरकार होते, हद्द होती, नागरिक होते. तरीही १९५५ पर्यंत देशात अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांच्या फौजा तळ ठोकून होत्या.

राज्य कशाला म्हणायचे याची आंतरराष्ट्रीय कायद्यातली सर्वाधिक वापरली जाणारी व्याख्या १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारातली. तिच्या चार अटी : कायमची लोकसंख्या, निश्चित भूभाग, सरकार आणि इतर देशांशी संबंध ठेवण्याची क्षमता. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९१९ मध्ये वेगळे माप लावले होते. ज्या हद्दीत बळ वापरण्याचा मान्य अधिकार फक्त एकाकडे असतो, ते राज्य. माँटेव्हिडिओच्या अटींवर तेव्हाचा ऑस्ट्रिया बराचसा पास होतो, वेबरच्या मापाने नापास. (इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत ‘सार्वभौमत्व’ हा शब्द मला एकदाही भेटला नाही. नंतर स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये या चार अटी पाठ केल्या, पण त्या समजल्या तेरेखोलला गेल्यावर.)

गोवा : कायदा कुणाच्या बाजूने होता?

१९५७ मध्ये प्रजा समाजवादी पक्षाकडून नाथ पै राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेले. १९६२ आणि १९६७ मध्येही तेच निवडून आले. म्हणजे पहिली साडेचार वर्षे ते अशा मतदारांचे खासदार होते, ज्यांच्या गावाशेजारीच परकी वसाहत होती.

पोर्तुगालचा दावा साधा नव्हता. १९५१ मध्ये त्यांनी राज्यघटना बदलून वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ असे नाव दिले. गोवा ही वसाहत नाही, पोर्तुगालचाच तुकडा आहे, मग मुक्त कुणाला करायचे, असा तो युक्तिवाद. जोडीला पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा सदस्य. भारताकडे लोकांची भावना होती आणि शेजारी असल्याचा भूगोल होता. पोर्तुगालकडे साडेचार शतकांचा ताबा आणि बलाढ्य मित्र.

१५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकावला. वर्षभराने मोठ्या संख्येने सत्याग्रही हद्दीत शिरले, तेव्हा पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि अनेकांचा बळी गेला. नाथ पैंच्याच पक्षाचे ना. ग. गोरे गोव्यात कैदेत होते. भारताने संबंध तोडले, रेल्वे थांबली. सीमेवरच्या घरांना याची झळ किती बसली असेल, याची कल्पना करता येते. कुलदैवताला जायचे तर मध्ये दोन देशांचे भांडण.

नाथ पै गोवामुक्तीच्या बाजूने ठाम उभे होते. नेहरू सरकार शांततेच्या धोरणाला बांधील होते आणि जगापुढे ते धोरण मिरवतही होते. नाथ पैंसारख्या विरोधी खासदारांचा दबाव याच दुखऱ्या जागी पडत होता. शेवटी १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि सुमारे ३६ तासांत पोर्तुगीज सत्ता संपली.

त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत जे घडले, ते आंतरराष्ट्रीय राजकारण शिकणाऱ्याने जरूर पाहावे. भारताने माघार घ्यावी, या आशयाचा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने आणला. बाजूने सात मते पडली, विरोधात चार : सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक. सोव्हिएत संघाचे मत नकाराधिकाराचे असल्याने ठराव पडला. म्हणजे बहुमत भारताच्या विरोधात होते आणि तरीही निकाल भारताच्या बाजूने लागला. न्याय आपल्या बाजूला होता, हे माझेही मत आहे. पण त्या दिवशी भारताला वाचवले ते एका महासत्तेच्या मताने, हेही तितकेच खरे. पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते थेट १९७४ च्या अखेरीस, स्वतःची हुकूमशाही कोसळल्यानंतर.

पुढे १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन न होण्याचे ठरवले : १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मते. वेंगुर्ल्याजवळची ती रेषा कायम राहिली, पण या वेळी ती तिथल्या लोकांना विचारून आखली गेली.

‘नाथ पै विधेयक’ म्हणजे काय?

आता देशाबाहेरचा प्रश्न देशाच्या आत आला. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने सांगितले की, संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करता येणार नाही, घटनादुरुस्ती करूनसुद्धा नाही. खटला पंजाबातल्या एका कुटुंबाच्या जमिनीचा. तेव्हा मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्क होता, त्यामुळे कमाल जमीनधारणेचे कायदे अडचणीत येण्याची भीती होती.

नाथ पैंनी एप्रिल १९६७ मध्ये खासगी सदस्य म्हणून घटनादुरुस्ती विधेयक मांडले. घटनेचा कुठलाही भाग बदलण्याचा अधिकार संसदेला आहे, हे स्पष्ट करणारे. खासगी विधेयके सहसा शुक्रवारच्या दुपारी मांडली जातात आणि विसरली जातात. हे विसरले गेले नाही. ते संयुक्त समितीकडे गेले, त्यावर देशभर वाद झाला, आणि विधेयकाला त्यांचेच नाव पडले.

त्यांनी ही बाजू का घेतली असावी? ब्रिटिश कायद्यात शिकलेल्या माणसाला संसद सर्वोच्च वाटणे स्वाभाविक आहे. पण मला दुसरे कारण जास्त पटते. त्यांचा मतदारसंघ खोतीचा, कुळांचा. खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा, म्हणजे तो अनुभव घराघरांत ताजा. कसणाऱ्याला जमीन देणारा कायदा निवडून आलेल्यांनी करावा आणि न्यायाधीशांनी एका मताच्या फरकाने तो दरवाजा बंद करावा, हे समाजवादी नाथ पैंना मान्य होणे कठीण होते. गोव्याबाबत जे सूत्र, तेच इथे : अंतिम अधिकार लोकांचा, आणि लोकांचा आवाज म्हणजे संसद.

आमच्या भाषेत सांगायचे तर ते संसदेसाठी पूर्ण ‘अ‍ॅडमिन राइट्स’ मागत होते. अडचण अशी की अ‍ॅडमिनचा पासवर्ड उद्या कुणाच्या हातात जाईल, हे आज सांगता येत नाही. विधेयकाला विरोध करणारे नेमके हेच बोट ठेवत होते.

बेळगावची शेवटची सभा

विधेयक मंजूर झाले नाही. २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित झाली आणि तेही संपले.

याच वर्षांत त्यांना आणखी एक सीमा अस्वस्थ करत होती. ते जिथे शिकले ते बेळगाव १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेले होते. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालानेही शहर तिथेच ठेवले. नाथ पै मराठी भाषकांच्या मागणीबरोबर होते. एकाच देशातल्या दोन राज्यांची ही रेषा. इथे सैन्य नाही, पासपोर्ट नाही, तरी आपण कोणत्या भाषेत अर्ज करायचा, मुलाने कोणत्या शाळेत जायचे, हे तीच ठरवते. हा वाद आजही सर्वोच्च न्यायालयात आहे.

१७ जानेवारी हा बेळगावात हुतात्मा दिन. १९५६ मध्ये त्या दिवशी पोलीस गोळीबारात सीमाभागातले आंदोलक मारले गेले होते. १९७१ च्या हुतात्मा दिनी नाथ पै तिथे बोलले. हृदयविकार आधीपासून होता. सभेनंतर, १८ जानेवारीला त्यांचे बेळगावातच निधन झाले. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. राजापूरची जागा त्यांच्याच पक्षाच्या मधू दंडवतेंनी जिंकली आणि पुढे दोन दशके राखली. कोकण रेल्वेचा जो आग्रह नाथ पैंनी धरला होता, तोही दंडवतेंनी पुढे नेला.

नंतर काय झाले?

नोव्हेंबर १९७१ मध्ये इंदिरा गांधी सरकारने २४ वी घटनादुरुस्ती केली. नाथ पैंना जे हवे होते, तेच जवळपास त्यात होते. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा मतांनी मधला मार्ग काढला : संसद कुठलाही भाग बदलू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. नाथ पै अर्धे जिंकले, असे म्हणता येईल.

दोन वर्षांनी आणीबाणी आली. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीत सरकारने संसदेच्या या अधिकारावर कुठलीच मर्यादा नाही, असे लिहून टाकले. तेव्हा विरोधी नेते तुरुंगात होते, त्यात मधू दंडवतेही होते. नाथ पै असते तर तेही बहुधा तिथेच असते, आणि आपल्या विधेयकाबद्दल त्यांना तिथे काय वाटले असते, हा प्रश्न त्यांच्यावर प्रेम करणारे सहसा विचारत नाहीत. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात न्यायालयाने ४२ व्या दुरुस्तीचा तो भाग रद्द केला. मालमत्तेचा हक्क मात्र त्याआधीच, १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने, मूलभूत हक्कांच्या यादीतून गेला होता. ती दुरुस्ती करणाऱ्या जनता सरकारमध्ये राजापूरचे खासदार रेल्वेमंत्री होते.