शिष्यवृत्तीवर शिकलेला शिक्षक : बुकर टी. वॉशिंग्टन

आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्ती समितीकडे दरवर्षी जे अर्ज येतात, त्यांत अध्यापक विद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींचे अर्ज फारच थोडे असतात. डॉक्टरी शिकणाऱ्यास साहाय्य मागताना जो संकोच वाटत नाही तो भावी शिक्षकास वाटतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून ह्या वर्षी परक्याच्या पैशावर शिक्षक झालेल्या, आणि पुढे परक्यांच्या दारी जाऊन इतरांस शिक्षक केलेल्या एका थोर पुरुषाचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे.

बुकरचा जन्म इ. स. १८५६ च्या सुमारास अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांती एका मळ्यावर गुलामाच्या झोपडीत झाला. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली आणि आई मुलांना घेऊन वेस्ट व्हर्जिनियातील माल्डेन गावी आली. तेथे ह्या बालकाने मिठाच्या भट्टीवर आणि पुढे कोळशाच्या खाणीत काम केले. खाणीतच दोन मजुरांच्या बोलण्यातून त्याच्या कानी पडले की, हॅम्प्टन येथे काळ्या लोकांसाठी एक नॉर्मल स्कूल, म्हणजे शिक्षक तयार करणारी शाळा आहे आणि तेथे गरिबास काम करून शिकता येते.

१८७२ मध्ये तो निघाला. सुमारे पाचशे मैलांचा मार्ग. थोरला भाऊ जॉन ह्याने थोडे पैसे दिले. गावच्या म्हाताऱ्या माणसांनी कोणी नाणे, कोणी रुमाल हातावर ठेवला. रिचमंड शहरी पोहोचेतो पैसे संपले. तेथे लाकडी पदपथाखाली निजून आणि दिवसा गलबतावरचे लोखंड उतरवून त्याने पुढील वाटखर्च मिळविला. हॅम्प्टनला पाऊल ठेवले तेव्हा खिशात पन्नास सेंट होते. मुख्य अध्यापिका मिस मॅकी ह्यांनी त्याला एक वर्ग झाडावयास सांगितला. त्याने तो तीनदा झाडला, चारदा पुसला. बाईंनी रुमाल फिरवून पाहिला, धूळ सापडली नाही, आणि प्रवेश मिळाला.

परंतु खरी अडचण प्रवेशानंतरची होती, आणि आपल्या मुलांचीही ती तेथेच असते. जेवणखाण व राहणे ह्यांचा खर्च महिन्यास दहा डॉलर होता. शिपायाचे काम पत्करून बुकरने तो बहुतेक भागविला. शिक्षणाची फी मात्र वर्षास सत्तर डॉलर, आणि ती कामातून फिटणे केवळ अशक्य. तेव्हा संस्थेचे प्रमुख जनरल आर्मस्ट्राँग ह्यांनी न्यू बेडफर्डचे एस. ग्रिफिट्स मॉर्गन नावाचे गृहस्थ शोधून काढले. त्या गृहस्थांनी बुकरची फी शेवटपर्यंत भरली. 

एवढ्यानेही सारे भागले नाही. पहिल्या वर्षाअखेर संस्थेचे सोळा डॉलर देणे राहिले. ते फेडण्यासाठी सुट्टीत तो एका उपाहारगृहात राबला. एके दिवशी तेथे मेजाखाली दहा डॉलरची नोट सापडली. प्रामाणिकपणे त्याने ती मालकास दाखविली. जागा आपली म्हणून नोटही आपली, असे सांगून मालकाने ती खिशात घातली! रिकाम्या हाताने परत येऊन त्याने खजिनदार जनरल मार्शल ह्यांस खरी स्थिती सांगितली, आणि त्यांनी सवडीने फेडण्याच्या वचनावर त्यास वर्गात बसू दिले. देणे सांगावयास गेला म्हणून तो राहिला. लाजेने घरी बसता तर एका शिक्षकाचा इतिहास तेथेच संपला असता.

ह्याच सुमारास, १८७३ साली, पुण्यात महात्मा जोतीराव फुले ह्यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केला होता.

१८७५ मध्ये पदवी घेऊन बुकर माल्डेनला शिक्षक झाले. तेथून त्यांनी अनेक मुले हॅम्प्टनला धाडली आणि जॉनच्या शिक्षणासही हातभार लावला. १८८१ मध्ये अलाबामातील टस्कगी येथे शिक्षक तयार करणारी शाळा काढण्यास त्यांना बोलावणे आले. सरकारने वर्षास दोन हजार डॉलर मंजूर केले होते, पण ते केवळ शिक्षकांच्या पगारासाठी. जागा नाही, इमारत नाही. एका मोडक्या खोपटात ४ जुलैला तीस विद्यार्थ्यांनिशी वर्ग सुरू झाला. पाऊस आला की एखादा विद्यार्थी आपला धडा सोडून गुरुजींच्या डोक्यावर छत्री धरी. शेत विकत घेण्यास अडीचशे डॉलर हवे होते. ते उसने देणारे गृहस्थ कोण, तर तेच जनरल मार्शल! त्यांनी ती रक्कम आपल्या पदरची दिली.

टस्कगीतही वर्षाची फी पन्नास डॉलर होती आणि ती बहुतेकांस झेपत नसे. मग प्रत्येक विद्यार्थ्यासाठी ती बाहेरून मिळविण्याचे कार्य वॉशिंग्टन ह्यांनी आपल्या माथी घेतले. त्यांच्या सहकारी ऑलिव्हिया डेव्हिडसन ह्यांचे स्वतःचे अध्यापन-शिक्षणही बोस्टनच्या श्रीमती हेमेनवे ह्यांच्या साहाय्याने फ्रेमिंगहॅमच्या नॉर्मल स्कूलमध्ये पुरे झाले होते. त्या उत्तरेकडील शहरांत घरोघर फिरत. एकदा बोस्टनच्या एका बाईंकडे चिठ्ठी आत पाठवून बसल्या असता थकव्याने बैठकीतच त्यांना झोप लागली. पुढे त्या वॉशिंग्टन ह्यांच्या पत्नी झाल्या, आणि १८८९ मध्ये अकालीच निवर्तल्या. हंटिंग्टन नावाच्या रेल्वेच्या धनिकाने पहिल्या भेटीत दोन डॉलर दिले होते, त्यानेच पुढे पन्नास हजार दिले. एका सत्तरीच्या म्हातारीने जमविलेली सहा अंडी आणून दिली. सर्व देणग्यांत ह्या देणगीने वॉशिंग्टन ह्यांचे मन अधिक हेलावले.

ज्यांस काहीच देता येत नसे त्यांच्यासाठी १८८४ मध्ये रात्रशाळा निघाली. दिवसा दहा तास काम, रात्री दोन तास अभ्यास. मिळकतीचा मोठा भाग संस्थेच्या खजिन्यात जमा राही आणि तो पुढे दिवसाच्या वर्गात गेल्यावर जेवणखर्चासाठी कामी येई. 'एक होता कार्व्हर' वाचलेल्या आपल्या वाचकांस टस्कगी परिचित आहेच. कार्व्हर ह्यांस तेथे १८९६ मध्ये वॉशिंग्टन ह्यांनीच बोलाविले.

एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. देणगीदारांचे मन सांभाळताना, आणि दक्षिणेतील गोऱ्यांचा रोष टाळताना, त्यांनी आपल्या बांधवांच्या राजकीय हक्कांविषयी उघडपणे फार जपून भाषण केले. १८९५ च्या अटलांटा येथील भाषणानंतर ही टीका वाढली आणि १९०३ मध्ये डू बॉइस ह्यांनी ती ग्रंथात मांडली. माझ्या मते ती अनाठायी नव्हती. मागणाऱ्याच्या जिभेवर देणाऱ्याचे ओझे पडतेच. मात्र ते ओझे त्यांनी स्वतःच्या सुखासाठी उचलले नव्हते.

टस्कगीचे काम हाती घेतल्यावर वॉशिंग्टन ह्यांनी मॉर्गन ह्यांची अनेकदा भेट घेतली. हे लिहिताना मला माझी गोष्ट आठवते. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी खानावळीचे दोन महिने थकले होते, ते आमच्या गावच्या एका किराणा दुकानदाराने न मागता भरले. नोकरी लागल्यावर त्यांना पत्र लिहू असे ठरविले होते. ते राहिले, आणि ते गृहस्थही राहिले नाहीत.

१९१५ च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टन न्यूयॉर्क येथे आजारी पडले. शेवट आपल्या भूमीत व्हावा म्हणून त्यांनी घरी नेण्याचा आग्रह धरला, आणि १४ नोव्हेंबरला टस्कगीत त्यांचे देहावसान झाले. तीस विद्यार्थ्यांच्या शाळेत तेव्हा सुमारे दीड हजार विद्यार्थी शिकत होते.