हिरव्या कणांचे उपासक : बायेरिंक

कर्जत तालुक्यातील शेलू गावाजवळून उल्हास नदी वाहते. उन्हाळ्यात पाणी संथ झाले, की डोहावर हिरवी झाक चढते. शाळेच्या हौदातही तीच झाक येते. ती घासून काढण्याचे काम मुख्याध्यापक या नात्याने मी कितीतरी मुलांना सांगितले असेल! या हिरव्या पाण्यातील सूक्ष्म शैवाल ज्यांनी प्रथम निर्भेळ वाढवून दाखविले, त्या मार्टिनस बायेरिंक यांची ही हकीकत आहे.

बायेरिंक यांचा जन्म १६ मार्च १८५१ रोजी हॉलंडमधील आम्स्टरडॅम येथे झाला. वडिलांचा तंबाखूचा व्यापार बुडाल्यामुळे घरची स्थिती ओढगस्तीची होती. त्यांनी रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले. परंतु वनस्पतींचे वेड काही सुटले नाही. काही वर्षे शेतकी शाळेत शिकवून १८८५ साली ते डेल्फ्ट येथील यीस्टच्या कारखान्यात संशोधक झाले. आपल्या संशोधनाचा मालकांना पुरेसा उपयोग होत नाही, ही खंत त्यांच्या मनाला तेथे सतत लागून राहिली.

तेथेच त्यांनी शैवालाचा प्रश्न हाती घेतला. हिरवा कण वेगळा वाढवावा म्हटले, तर पोषक अन्न मिळताच जीवाणू माजत आणि शैवाल मागे पडे. बायेरिंक यांनी उलटीच युक्ती योजिली. त्यांनी खंदकाचे साधे पाणी उकळून त्यात जिलेटिन घातले व ते थिजविले. जीवाणूंना त्यात फारसे खाद्य नव्हते. शैवाल मात्र उजेडात आपले अन्न आपणच तयार करते! थिजलेल्या थरावर चिमुकले हिरवे ठिपके उमटले. या शैवालाला त्यांनी १८९० साली क्लोरेला असे नाव दिले.

पुढे १८९५ साली ते डेल्फ्ट येथे प्राध्यापक झाले. त्यांचा स्वभाव तापट होता. विद्यार्थी त्यांना वचकून असत. त्यांनी लग्न केले नाही. परंतु कोणत्या जीवाला कोणते अन्न चालते, हे शोधण्याची त्यांची शिस्त शिष्यांच्या अंगी बाणली. त्यांचे शिष्य सोंगेन यांनी १९१३ साली दाखवून दिले, की खनिज तेलावरही काही जीवाणू जगतात.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन शेकडो टन तेल समुद्रात सांडले. रायगडच्या किनाऱ्यावरील तिवरांना काळा थर बसला. असे तेल जीवाणू खातात खरे, पण त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो आणि तवंगाखाली नेमका तोच कमी पडतो. येथे सूक्ष्म शैवाल उपयोगी पडते. ते उजेडात प्राणवायू सोडते. जीवाणू तो घेऊन तेलाचे विघटन करतात आणि त्यांनी सोडलेला कर्बवायू शैवाल घेते. तवंग जाड असेल, तर उजेड अडतो आणि शैवालच मरते. म्हणून भर समुद्रापेक्षा सांडपाण्याच्या उथळ तळ्यांत हा उपाय अधिक शोभतो.

बायेरिंक १९२१ साली निवृत्त झाले आणि बहिणींसह खेड्यात राहू लागले. १ जानेवारी १९३१ रोजी ते निवर्तले. त्यांनी १८८९ साली वेगळे काढलेले क्लोरेला जर्मनीतील गटिंगेन येथील संग्रहात अजून वाढत आहे.