हेलनचा आवाज

गेल्या वर्षी गॅदरिंगला माईक हातात घेतला आणि दुसऱ्याच वाक्याला माझी बोबडी वळली. हॉलच्या मागच्या भिंतीवर आपटून माझाच आवाज जरा उशिरा परत येत होता. सगळं पाठ होतं, पण शब्द धड निघेना! नंतर महिनाभर हॉस्टेलवर माझी नक्कल चालली होती. मी ठरवून टाकलं, आता परत स्टेज नको.

पुढे कंट्रोल सिस्टिम्स शिकताना ट्यूब पेटली. आपलं बोलणं हे क्लोज्ड लूप आहे. तोंड आवाज काढतं, कान ऐकतो, मेंदू सुधारणा करतो. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये दाखवलं. (हेडफोन लावून मेसमध्ये ओरडणारे आपले मित्र आठवा!) स्वतःचा आवाज साधारण ०.२ सेकंद उशिरा कानावर आला, तर चांगला बोलणाराही अडखळतो. बर्नार्ड ली यांनी १९५० मध्ये ही गोष्ट पुढे आणली. म्हणजे माझी चूक नव्हती, फीडबॅकची होती!

मग प्रश्न पडला, ज्याच्या लूपमध्ये सेन्सरच नाही त्याने काय करायचं? आणि हेलन केलर आठवली. शाळेत सिस्टरनी तिची गोष्ट सांगितली होती, पण ती पाण्याच्या पंपापाशीच संपली. पुढची मी लायब्ररीत वाचली. (मी कॉन्व्हेंटवाली, मराठीत चुकलं तर सांभाळून घ्या.)

हेलनचा जन्म २७ जून १८८० चा, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टस्कंबिया गावी. १९ महिन्यांची असताना आजारपणात तिची दृष्टी आणि श्रवण दोन्ही गेलं. तोवर शिकलेले शब्दही हळूहळू विरले. फक्त पाण्यासाठीचा एक अर्धवट आवाज ती पुढेही काढत राहिली. एक हात गळ्यावर आणि दुसरा ओठांवर ठेवून ती नुसतेच आवाज करायची. आईच्या ओठांची हालचालही चाचपायची. कान नाहीत म्हणून हे पोर बोटांनी आवाज शोधत होतं!

मार्च १८८७ मध्ये अ‍ॅनी सुलिव्हन बाई तिला शिकवायला आल्या. पंपाखाली एक हात धरून त्यांनी दुसऱ्या हातावर बोटांनी अक्षरं काढली आणि प्रत्येक वस्तूला नाव असतं हे तिला उमगलं, ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पण हेलनला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. १८९० मध्ये तिला कळलं, की नॉर्वेतली राग्नहिल्ड काटा ही तिच्यासारखीच मुलगी तोंडाने बोलायला शिकली आहे. झालं, हेलनने हट्टच धरला.

बोस्टनच्या सारा फुलर बाईंकडे शिकवणी लागली. बाई बोलत असताना हेलन त्यांच्या चेहऱ्यावर हात फिरवून जीभ आणि ओठ कुठे आहेत ते बघायची आणि तसंच करायची. पहिल्या तासाभरात सहा ध्वनी जमले. एकूण ११ धडे झाले. ती घरी परतली तेव्हा स्टेशनवर सगळे उभे होते. तिचं बोलणं ऐकून आई थरथरत होती आणि वडील गप्प उभे होते. मी इथे वाचताना थांबले.

पण खरी मेहनत पुढेच होती. तेव्हा तिचं बोलणं कळायचं फक्त फुलर आणि सुलिव्हन बाईंना. जिभेची जागा बोटांना कळते, पण आवाजाची पट्टी? ती चढली की उतरली, हे कानाशिवाय नीट कळत नाही. मग सुलिव्हन बाईच तिचा फीडबॅक झाल्या. तेच तेच शब्द, वर्षानुवर्षं, रोज. १९०४ मध्ये हेलन रॅडक्लिफ कॉलेजमधून पदवीधर झाली, तरी आवाज काही हाती येईना.

१९१३ मध्ये न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर गावी तिचं पहिलं जाहीर भाषण झालं. तेव्हा ती ३२ वर्षांची होती. आवाज वर वर चाललाय असं वाटून ती तो खाली ओढायला गेली आणि शब्दच कोसळले. आपण साफ फसलो असं तिला वाटलं. पण ती परत स्टेजवर गेली! पुढे कित्येक वर्षं तिने भाषणं केली. तिचं वाक्य लोकांना कळलं नाही, तर शेजारी उभं असलेलं माणूस ते पुन्हा सांगायचं. १९३६ मध्ये सुलिव्हन बाई गेल्या, त्यानंतरही हेलन थांबली नाही. १९५५ मध्ये, पंच्याहत्तरीला आली असताना, ती भारतातही येऊन गेली. १ जून १९६८ ला ती वारली. तिचं बोलणं शेवटपर्यंत नव्या माणसाला चटकन कळेल असं झालं नाही आणि याची खंत तिला कायम होती.

म्हणून ही हमखास यशाची गोष्ट नाही. तिला जे हवं होतं, ते पूर्ण मिळालं नाही. तरीही ती बोलत राहिली.

हेलनच्या बोलण्याची एक जुनी चित्रफीत आहे. त्यात तिचा अंगठा बाईंच्या गळ्यावर आहे, एक बोट ओठांवर आणि एक नाकाशी. रात्री रूमवर ती बघून झाली तेव्हा माझी रूममेटही गप्प होती.

यंदाच्या गॅदरिंगला मी अँकरिंगसाठी नाव दिलंय. रूममेट पहिल्या रांगेत बसणार आहे. हात वर केला की आवाज वाढवायचा, खाली केला की कमी करायचा, असं ठरलंय. परत अडखळले तर खुशाल नक्कल करा!