विल्यम डिस्टंट : हिरव्या तुडतुड्याचे नामकर्ते
इंग्रज कीटकशास्त्रज्ञ विल्यम लुकास डिस्टंट (१८४५-१९२२) यांनी उदरनिर्वाहासाठी कातडी कमावण्याच्या कारखान्यात नोकरी केली. व्यासंग मात्र कीटकांचा जोपासला. ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत ढेकूण-तुडतुड्यांच्या गणावर त्यांनी १९०२ ते १९१८ या काळात सात खंड लिहिले. १९०८ मध्ये त्यांनी भातावरील हिरव्या तुडतुड्याला ‘व्हिरेसेन्स’ हे नाव दिले. परंतु त्याची प्रजाती चुकली. १९६४ मध्ये त्याच कीटकाला नव्या जातीचे नाव मिळाले. अखेर १९७१ मध्ये मूळ नमुने तपासले गेले, ‘नेफोटेटिक्स’ प्रजातीत त्याचे स्थान निश्चित झाले आणि डिस्टंट यांचेच नाव टिकले. दक्षिण व आग्नेय आशियात भातावरील टुंग्रो हा विषाणुरोग प्रामुख्याने हीच जात पसरवते. साहजिकच तिची अचूक ओळख भातशेतीच्या दृष्टीने मोलाची ठरली.