विश्लेषण : कांजिण्या आणि नागीण एकाच विषाणूमुळे… हे सिद्ध करणारे डॉ. थॉमस वेलर कोण होते? रक्तचाचणीतून नेमके काय कळते?

अंगाच्या एका बाजूला पाणीदार फोडांचा पट्टा उठला, की नागीण झाली असे म्हणतात. तिचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, हा समज आपल्याकडे आजही ऐकू येतो. प्रत्यक्षात नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू पुन्हा जागा होणे. याचा प्रयोगशाळेतील पुरावा अमेरिकी डॉक्टर थॉमस वेलर यांनी दिला.

वेलर कोण होते?

वेलर यांचा जन्म १५ जून १९१५ रोजी मिशिगनमधील अ‍ॅन आर्बर येथे झाला. वडील विद्यापीठात पॅथॉलॉजीचे प्राध्यापक होते. वेलर १९४० मध्ये हार्वर्डमधून डॉक्टर झाले. दुसऱ्या महायुद्धात ते लष्कराच्या पोर्तो रिकोतील प्रयोगशाळेत होते. युद्धानंतर बोस्टनच्या बालरुग्णालयात ते जॉन एंडर्स यांच्यासोबत काम करू लागले.

कांजिण्या शोधताना पोलिओ कसा सापडला?

मार्च १९४८ मध्ये वेलर मानवी पेशींवर कांजिण्यांचा विषाणू वाढवण्याचा प्रयत्न करत होते. पेशींचे काही फ्लास्क उरले. त्यात त्यांनी फ्रीजरमधला पोलिओचा विषाणू टाकला. कांजिण्यांचा विषाणू वाढला नाही, पोलिओचा मात्र वाढला. तो फक्त मज्जापेशींतच वाढतो, हा तोवरचा समज चुकीचा ठरला आणि पोलिओ लशीचा मार्ग खुला झाला. एंडर्स, वेलर आणि फ्रेडरिक रॉबिन्स यांना १९५४ चे नोबेल मिळाले.

मूळ प्रश्नाचे काय झाले?

वेलर यांनी तो सोडला नव्हता. नागिणीच्या रुग्णाच्या संपर्कातील मुलांना कांजिण्या होतात, हे बुडापेस्टचे डॉ. बोकाय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदवले होते. पण पुरावा नव्हता. वेलर यांच्या लहान मुलालाच कांजिण्या झाल्या, तेव्हा त्यांनी त्याच्या फोडांतील द्रवही प्रयोगासाठी वापरला. हा विषाणू पेशीला चिकटून राहतो. त्यामुळे नुसता द्रव नव्हे, तर संसर्ग झालेल्या पेशीच पुढच्या नळीत टाकाव्या लागत. ही युक्ती लागू पडली.

अँटीबॉडीने उत्तर कसे दिले?

संसर्ग झाला की शरीर त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजेच अँटीबॉडी तयार करते. अल्बर्ट कून्स यांनी अँटीबॉडीला चमकणारा रंग जोडण्याचे तंत्र शोधले होते. १९५४ मध्ये वेलर आणि कून्स यांनी ते येथे वापरले. कांजिण्या झालेल्यांच्या रक्तातील अँटीबॉडी नागिणीच्या विषाणूने बाधित पेशींना चिकटल्या आणि नागीण झालेल्यांच्या कांजिण्यांच्या पेशींना. १९५८ पर्यंतच्या प्रयोगांतून दोन्ही आजारांचा विषाणू एकच असल्याचे स्पष्ट झाले. आज त्याला व्हॅरिसेला-झोस्टर म्हणतात.

मग आज ही रक्तचाचणी का पुरेशी नाही?

कारण वेलर यांच्या शोधातच आहे. विषाणू एकच, त्यामुळे अँटीबॉडीही त्याच. लहानपणी कांजिण्या झालेल्याच्या रक्तात आयजीजी अँटीबॉडी अनेक वर्षे राहतात. म्हणून आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे आज नागीण झाली, असे नव्हे. आयजीएम अँटीबॉडी ताज्या संसर्गात दिसू शकते, पण नागिणीत ती दिसेलच असे नाही. दिसली तरी संसर्ग पहिला की जुनाच जागा झालेला, हे त्यावरून ठरत नाही.

नागिणीचे निदान बहुतेकदा डॉक्टर फोड पाहूनच करतात. शंका असल्यास फोडातील द्रव किंवा खपलीची पीसीआर चाचणी अधिक भरवशाची असते.

अँटीबॉडी चाचणी कोणासाठी उपयोगी?

कांजिण्या झाल्या होत्या की नाही हे आठवत नसलेली गर्भवती रुग्णाच्या संपर्कात आली, तर तिला संरक्षण आहे का, हे आयजीजीवरून कळते. रुग्णालयातील कर्मचाऱ्यांसाठीही ती उपयोगी ठरते. मात्र लस घेतलेल्यांमधील अँटीबॉडी काही चाचण्यांत पकडल्या जात नाहीत.

वेलर यांनी पुढे दुसऱ्या मुलाच्या लघवीतून रुबेलाचा विषाणूही वेगळा केला. २३ ऑगस्ट २००८ रोजी ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

नागिणीवरील विषाणूरोधक गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू केल्यास जास्त फायदा होतो. त्यामुळे रक्ताच्या अहवालाची वाट पाहत बसू नये. फोड डोळ्याजवळ असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.