विल्हेल्म ऑस्टवाल्ड : रेणूंना उशिरा मान देणारे रसायनशास्त्रज्ञ

आधुनिक भौतिक रसायनशास्त्राच्या संस्थापकांमध्ये विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांची गणना होते. त्यांचा जन्म २ सप्टेंबर १८५३ रोजी रीगा येथे, लाकडी पिंपे बनविणाऱ्या एका जर्मन कारागिराच्या घरी झाला. १८८७ मध्ये ते लायपझिग विद्यापीठात प्राध्यापक झाले.

त्या काळी उत्प्रेरकाभोवती गूढतेचे वलय होते. ते ऑस्टवाल्ड यांनी दूर केले. उत्प्रेरक केवळ अभिक्रियेचा वेग बदलतो; तिचा अंतिम समतोल ढळवीत नाही व स्वतः खर्ची पडत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. तापलेल्या प्लॅटिनमवरून अमोनिया व हवा नेऊन नत्राम्ल मिळविण्याच्या त्यांच्या पद्धतीने १९०२ नंतर खते व स्फोटके या दोन्ही उद्योगांचे रूप पालटले.

नवल असे की, अभिक्रियांचा वेग मोजणाऱ्या या शास्त्रज्ञाचा अणुरेणूंवर मात्र विश्वास नव्हता. ऊर्जा हेच मूलतत्त्व, असे ते मानीत. १८९५ मध्ये ल्यूबेक येथील परिषदेत बोल्ट्समान यांच्याशी त्यांचा या प्रश्नावर प्रखर वाद झाला.

पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण अखंड थरथरत असतात, हे रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्येच पाहिले होते. रेणूंच्या धडकांमुळे असे घडते, याचे गणित आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडले आणि पेरँ यांनी प्रयोगांनी ते पडताळले. हा पुरावा पाहून ऑस्टवाल्ड यांनी १९०८ मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकाच्या प्रस्तावनेत पूर्वीचे मत जाहीरपणे सोडले. बोल्ट्समान मात्र ते वाचावयास हयात नव्हते. १९०६ मध्येच त्यांनी आपली जीवनयात्रा संपविली होती. १९०९ मध्ये ऑस्टवाल्ड यांना नोबेल पारितोषिक लाभले.

ज्ञानाची सुसूत्र मांडणी हाही त्यांचा ध्यास होता. १९११ मध्ये म्यूनिक येथे त्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेचे ते एक आधारस्तंभ होते. छापील कागदाला एकच प्रमाणित आकारमाला असावी, हा त्यांचा आग्रह पुढे त्यांच्या एका साहाय्यकाने १९२२ मध्ये जर्मन मानकात उतरविला. आजचा ए-४ कागद त्याच मालिकेतला.

४ एप्रिल १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. उत्प्रेरणाने द्रवातील रेणूंची हालचालच वाढते काय, हा प्रश्न आज नव्याने विचारला जात आहे. तशी वाढ दिसल्याचे २०२० मध्ये काही संशोधकांनी प्रसिद्ध केले. इतरांच्या मते तो मोजमापाच्या पद्धतीचा दोष असावा. निर्णय प्रयोगच देतील. पुराव्यापुढे आपले मत बाजूस ठेवण्याचा धडा ऑस्टवाल्ड यांनी घालून दिला आहेच.